भाऊजींचा बिगोनिया

माझ्या भाऊजींइतका चिडका माणूस वर्धा जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. छापलेलं दिसलं तर चिडतील, नाही दिसलं तरी चिडतील. त्यातल्या त्यात दुसरं परवडतं. तीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. आष्टीची गाडी उशिरा आली की ते ड्रायव्हरवर चिडत, वेळेवर आली की 'रोज अशी काऊन येत नाई' म्हणून चिडत, आणि या चिडण्याचा त्यांना रीतसर पगार मिळत असे. निवृत्त झाले तेव्हा राग होता तेवढाच राहिला, फक्त तो झेलायला माणसं उरली नाहीत. ताई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. मुलगी पुण्याला एका कंपनीत. राहता राहिले मी, दोन गल्ल्या सोडून राहणारी त्यांची साळी, शाळामास्तरीण, रोज संध्याकाळी त्यांच्याकडे भाजीचा डबा नेऊन देणारी. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला आणि सांगितलं, 'मन रमवा, घरात एखादं झाड लावा.' ते डॉक्टर नक्की बाहेरगावचे असणार. भाऊजींना ओळखणाऱ्या माणसाने त्यांच्या ताब्यात जिवंत वस्तू द्यायला सांगितली नसती.

झाड त्यांनी लावलं नाहीच, भांडून आणलं. कसल्याशा सहीसाठी ते एका कार्यालयात तिसऱ्यांदा जाऊन बसले होते. साहेब जागेवर नव्हते. कारकुनाच्या मागच्या खिडकीत एक फुटकी कुंडी होती, तिच्यात बांबूसारखी पेरं असलेली एकच काडी उभी होती आणि काडीला तीन पानं. पानं मोठी, एका बाजूला कललेली, पाखराने अर्धवट पंख उघडावा तशी. वरून हिरव्यावर पांढरे ठिपके, खालून लालभडक. कारकुनाने चहा पिऊन झाल्यावर कपातला उरलेला गाळ त्या कुंडीत ओतला, वर सुपारीची पुडी टाकली. भाऊजी सही विसरले. "हे झाड काऊन मारून राह्यले तुम्ही?" असा त्यांनी जो प्रश्न केला तो म्हणे पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. कारकूनही वैतागला होता. तो म्हणाला, "एवढं वाटते तर घेऊन जा घरी." भाऊजींनी कुंडी उचलली आणि ऑटोत मांडीवर घेऊन घरी आले. सही राहिली ती राहिलीच. पुढे मीच दोन चकरा मारून ती आणली, आणि एवढा वेळ का लागला म्हणून ते माझ्यावर चिडले.

त्या झाडाला केन बिगोनिया म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. पण महिन्याभरात त्यांना त्याचं सगळं कळू लागलं, आणि इतरांना काहीच कळत नाही हेही कळू लागलं. शेजारच्या पाटलांनी प्रेमाने आपल्या शेतातली काळी माती पोत्यात भरून आणली. आमच्याकडे काळ्या मातीला नावं ठेवणं म्हणजे माणसाच्या आईला नावं ठेवणं. भाऊजींनी पोत्यात हात घातला, ढेकूळ दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पाटील, मी काय इथं कपाशी पेरून राह्यलो? ही माती पानी धरून बसते, मुळ्या सडतात." पाटील पोतं घेऊन परत गेले आणि त्या वर्षी त्यांच्याकडून हुरडा आला नाही. मग भाऊजींनी स्वतःची माती बनवली. नारळाचा भुसा, जुनं शेणखत, विटांचा चुरा आणि इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा. तिच्यात पाणी ओतलं की दोन मिनिटांत खालच्या भोकातून बाहेर यायला हवं. ते घड्याळ धरून बसत. उशीर झाला की माती पुन्हा उपसत.

पाण्यावरून तर त्यांनी अर्धे नातेवाईक तोडले. पत्रिका द्यायला आलेल्या एका दूरच्या व्याह्यांनी पाणी पिऊन पेल्यातला उरलेला घोट सहज कुंडीत ओतला. कोणीही ओततो. भाऊजी उठले, त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी जेवून उठलेल्या पाव्हन्याले पुन्हा पाटावर बसवता काय?" व्याह्यांना आधी कळलंच नाही. मग भाऊजींनी त्यांचं बोट धरून मातीत खुपसलं. "वरचं एक पेर कोरडं लागलं तर पानी. ओलं लागलं तर नाई. लागलं काय कोरडं?" मी त्या लग्नाला एकटीच गेले. एकदा मी भर एप्रिलमध्ये पानांवर फवाऱ्याने पाणी मारलं, बिचारी पानं तापली असतील म्हणून. आठ दिवसांनी पानांवर पिठासारखी भुरी दिसली. माझ्या फवाऱ्याने आली की आपसूक आली, मला माहीत नाही. पण भाऊजींनी जी मला ऐकवायला सुरुवात केली ती गणपती बसेपर्यंत. त्यांचं म्हणणं, हवेत ओल पाहिजे, पानावर नको. म्हणून उन्हाळ्यात कूलर समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. हवा भिंतीवर आपटायची, गार आणि ओलसर होऊन झाडाकडे यायची, आणि आपण डबा घेऊन गेलो की घामाने निथळत बसायचं. "कूलर जरा इकडे वळवता का?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तू काय कुंडीत उभी आहेस?"

दर रविवारी कुंडी पाव भाग फिरवायची, म्हणजे झाड खिडकीकडे झुकत नाही. सकाळचं ऊन दोन तास, मग पडदा. एवढं सगळं करूनही त्यांनी एक गोष्ट कधी केली नाही. त्या झाडाची एक काडीसुद्धा त्यांनी कापली नाही. एकाच्या तीन काड्या झाल्या, त्या वाढत वाढत छताला लागल्या, तिथे वाकून पुन्हा खाली यायला लागल्या. खालचा पाच फूट भाग उघडा, नुसता बांबू, आणि पानं सगळी वर पंख्याच्या आसपास. भाऊजींनी सुतळीने त्या काड्या गजांना बांधल्या होत्या. पंखा लावायची सोय राहिली नव्हती. कोणी म्हटलं, थोडं छाटा, तर म्हणायचे, "वाढलेल्या जिवाले कापत नाई."

दोन वर्षं होत आली, दिवाळीला माझी भाची आली. ही भाची म्हणजे भाऊजींची एकुलती एक मुलगी आणि स्वभावाने त्यांची दुसरी प्रत. फक्त आवाज बारीक. तिनेही कुठे कुठे वाचून बिगोनियाचा अभ्यास केला होता. भाऊजी त्या दिवशी सकाळी केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले होते. भाची झाडाकडे पाहत उभी राहिली आणि मला म्हणाली, "मावशी, हे झाड नाही, मांडव आहे. खालून फुटायला त्याला कधी वावच मिळाला नाही." तिने कात्री गरम पाण्याने धुतली, पुसली, आणि मातीपासून दोन-दोन पेरं ठेवून तिन्ही काड्या कापल्या. खाली वर्तमानपत्र धरून मी उभी होते, हे मी नाकारत नाही.

भाऊजी प्रसादाचा पुडा घेऊन दारात आले आणि त्यांनी कुंडीत तीन ठोंब पाहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडलेच. पण ओरडण्याची मला तीस वर्षांची सवय आहे, ते मी सोडून दिलं असतं. ओरडून झाल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या मायनं तुले सारं शिकवलं, दुसऱ्याचं जपाले नाई शिकवलं." भाची पांढरीफटक पडली. "आईचं नाव मधे आणू नका बाबा." "मंग निघ," ते म्हणाले. "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." ती निघाली. भाऊबीज उद्यावर होती, मामाकडे जायचं ठरलं होतं, मी करंज्या बांधल्या होत्या. दुपारच्या गाडीने ती परत गेली, जाताना कापलेल्या काडीचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून पर्समध्ये घालून. भाऊजींनी उरलेल्या काड्या अंगणात नेऊन टाकल्या, आणि मला विचारलं की मी अजून इथे काय करते आहे.

माघात त्या ठोंबांना बुडातून कोंब फुटले. एक नाही, दोन नाही, सात. पावसाळा लागेपर्यंत कुंडी इतकी भरली की माती दिसेना, आणि श्रावणात गुलाबी फुलांचे झुबके लोंबायला लागले. पूर्वी एखाद-दुसरा यायचा, आता मोजता येईनात. मी डबा ठेवून म्हटलं, "भाऊजी, पोरीने बरोबर केलं होतं." त्यांनी फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "खत चांगलं होतं," ते म्हणाले. मला त्या क्षणी ती कुंडी उचलून रस्त्यावर आपटावीशी वाटली. फुलांचा दोष नव्हता म्हणून थांबले.

पुढचे सहा-आठ महिने मला ज्या कामाला या दोघांनी जुंपलं ते मी कोणत्याही पगारावर केलं नसतं. भाचीने तो तुकडा पाण्यात ठेवला, त्याला मुळं फुटली, कुंडीत लावला. मग तिने मला फोटो पाठवला. "मावशी, पानांच्या कडा तपकिरी होताहेत. त्यांना विचार. माझं नाव घेऊ नकोस." मी भाऊजींना फोटो दाखवला. "कोनाचं झाड हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचं. ते चष्मा लावून अर्धा तास बघत राहिले. आपल्या झाडाचे ठिपके त्यांना ओळखू आले नसतील असं मी समजणं म्हणजे मूर्खपणा होता. शेवटी ते म्हणाले, "तुह्या मैत्रिणीले सांगजो, पंख्याची हवा लागून राह्यली. कुंडी सरकवजो म्हणा. अन तिले म्हणा, खत अर्धंच टाकजो, पाकिटावर लिहिलं तेवढं नको." तिकडून उत्तर आलं, "त्यांना सांग, मैत्रिणीला खताचं कळतं." मी सांगितलं. "तुही मैत्रीण मूर्ख हाय." हेही मी सांगितलं. असं आठवड्यातून दोनदा. ही बाप-लेक एकमेकांशी एक शब्द न बोलता माझ्या फोनवर भांडत होती, आणि मी दोघांच्या शिव्या शुद्ध मराठीत इकडून तिकडे नेत होते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मी नवा फोटो दाखवला. भाऊजींनी आधीचे तीन मागितले. फोन टेबलावर ठेवून ते एकेक पुढे-मागे करून पाहत बसले, आणि मग मला म्हणाले, "बस." मी बसले.

"ही खिडकी पूर्वेची हाय. ऊन अजून आत येऊन राह्यलं, पन कुंडीची सावली आखूड. म्हणजे दहा वाजून गेले. हा फोटो कधी आलता? मंगळवारी. हा सोमवारी. हा गुरुवारी." त्यांनी चष्मा काढला. "सुट्टी एकही दिवशी नाई. तुही मैत्रीण नोकरी करते ना?"

मी म्हटलं, घरून काम असेल, हल्ली असतं तसं.

"सगळ्यात जुन्या फोटोत टेबलावर कॉम्प्युटर होता. या तिन्हीत नाई. कंपनीनं परत घेतला." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "कवापासून?"

वेळापत्रकात तीस वर्षं घालवलेल्या माणसापुढे मी किती खोटं बोलणार? मी सांगितलं. फेब्रुवारीत कंपनीने बरीच माणसं कमी केली, त्यात तिचाही नंबर लागला. ती रोज कुठे कुठे अर्ज करते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली होती.

"माह्या पोरीची नोकरी गेली, अन ते मले सावली मोजून समजते," भाऊजी म्हणाले. "तुले माहीत होतं. दोन महिने तू डबा घेऊन येते, बसते, जाते, अन तोंड उघडत नाई."

आणि मग मी चिडले. एवढी मी माझ्या नवऱ्यावर, मुलांवर, आठवीच्या वर्गावरही कधी चिडलेले नाही. मी म्हटलं, माझ्या तोंडाचं सोडा, तुमचं कुठे होतं. पोर तुम्हाला नुसती पानं दाखवत होती काय? पुण्यात झाडांचं सांगणारी माणसं मेली काय? मूर्खालाही कळेल एवढी साधी गोष्ट, की तिला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि तुम्ही तिला खताचं माप सांगत बसलात. ताई असती तर तिने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. छाटणी बरोबर होती, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडातून निघत नाहीत, आणि बसस्थानकावर माइक धरून दिवसाला हजार शब्द निघत होते. मी आता कोणाचा निरोप नेणार नाही. डबाही आणणार नाही. हे शेवटचं मी रागात म्हटलं, ते मला तिथेच खटकलं, पण परत घेतलं नाही. मी चप्पल घालताना पाहिलं, भाऊजी मातीत बोट घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारात ऑटो थांबला. भाऊजी मांडीवर कुंडी घेऊन बसले होते, पायाशी एक पिशवी. त्यांनी कुंडी माझ्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली, चार कागद माझ्या हातात दिले. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेले.

"पुण्याले चाललो. आजच्या गाडीनं."

"रिझर्वेशन?"

"उभा जाईन."

मी म्हटलं, भाऊजी, मे तोंडावर आहे. आमच्याकडचा मे म्हणजे झाडाला काय, माणसालाही जगवत नाही. ही कुंडी आल्यापासून हा माणूस तिच्यापायी एका रात्रीसाठीही गावाबाहेर राहिला नव्हता. "झाड मरन तर मरन," ते म्हणाले आणि ऑटोत बसले. ऑटो वळला. मग थांबला, आणि त्यांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, "कूलर भिंतीकडे."

पुण्याला काय झालं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. भाचीने सांगितलं. दार उघडलं तर बाबा उभे. ते बुटांसकट आत आले, सरळ खिडकीशी गेले, मातीत बोट घातलं आणि म्हणाले, "पानी जास्त होऊन राह्यलं." ती म्हणाली, "आधी बूट काढा." त्यांनी दाराशी जाऊन बूट काढले, परत आले, आणि तिच्याकडे पाठ करून, खिडकीकडे पाहत म्हणाले, "छाटनी बरोबर होती. तुह्या आईचं बोललो ते चूक." एवढं सांगून भाची म्हणाली, "मावशी, ठेवते. ते स्वयंपाकघरात काहीतरी करताहेत."

मेमध्ये माझ्या घरात बिगोनियाने खालची सगळी पानं टाकली. पारा सेहेचाळीसच्या पुढे गेला, एकदा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळून दीड दिवस वीज नव्हती. मी कुंडीभोवती ओले गोणपाट टांगले, पानांना लागू न देता. नवऱ्याला ओसरीत झोपायला पाठवलं. रोज संध्याकाळी फोन यायचा. "पानी घातलं काय?" मी म्हणायची, हो. "काऊन घातलं? बोट घातलं होतं काय आधी?" मागून भाचीचा आवाज, "बाबा, एवढ्या उन्हात रोज लागतंच." "तुले काय माहीत वर्धेचं ऊन?" "मी तिथेच जन्मले." मग ते दोघं आपसात भांडत राहायचे आणि मी फोन कानाला लावून अंधारात, गोणपाटाच्या वासात बसून राहायची. माझी आता कोणालाच गरज नव्हती.

भाचीला जुलैमध्ये दुसरी नोकरी लागली. भाऊजी परत येतील असं मला वाटलं. आले नाहीत. म्हणतात, तिला पाणी घालता येत नाही, झाड मरेल. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा जाऊन झाडून येते. मागच्या रविवारी पाटलांनी विचारलं, भाऊजी कधी येणार. मी म्हटलं, माहीत नाही.

बिगोनिया पुन्हा भरला आहे. या पंधरवड्यात इतके झुबके आले की पानंच दिसेनात, एवढे त्यांच्या खिडकीतही कधी आले नव्हते. मी फोटो काढला होता, पाठवला नाही. ही फुलं त्यांनी पाहिली तर रात्रीच्याच गाडीने निघतील, आणि तिकडे पोर संध्याकाळी कामावरून येते तेव्हा दार उघडायला कोणीतरी असतं, याची तिला आता सवय झाली आहे. काल फोन आला. "झाड कसं हाय?" मी म्हटलं, ठीक आहे, जगून आहे. ते म्हणाले, "एवढंच? तुले झाडाची किंमतच नाई," आणि चिडून फोन ठेवून दिला. मी कुंडीशी जाऊन मातीत बोट घालून पाहिलं.